एल हुएवेस, सेव्हिलचा गुरुवारचा बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनला यायचं ठरलं की मराठी मंडळी माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिल असा बेत आखतात आणि सेव्हिलच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. त्या दीड दिवसात गुरुवारची सकाळ सापडत असेल तर पुढचं वाचा. हेच प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

हा बाजार नेमका कसला?

जुन्या वस्तूंचा. सेव्हिलच्या जुन्या शहराच्या उत्तर अंगाला काये फेरिया नावाचा लांब, अरुंद, किंचित वाकडा रस्ता आहे. त्याच्या एका टप्प्यावर दर गुरुवारी सकाळी विक्रेते टेबलं मांडतात, नाहीतर सरळ जमिनीवर चादर अंथरतात, आणि घराघरांतून निघालेलं सामान त्यावर ओततात. स्पॅनिशमध्ये गुरुवार म्हणजे हुएवेस, म्हणून बाजाराचं नाव एल हुएवेस. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना चटकन अंदाज येईल: एकाच चादरीवर पितळी दिवा, तुटका रेडिओ, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम आणि मोबाइलचे चार्जर.

भाजी, फळं, मासे रस्त्यावर मिळत नाहीत. त्यासाठी शेजारीच पक्कं मंडई-घर आहे, त्याबद्दल खाली येईलच.

तो खरंच इतका जुना आहे का, की पर्यटकांना सांगायची गोष्ट आहे?

जुना आहे. 1248 मध्ये कास्तीया राज्याच्या तिसऱ्या फेर्नांदो राजानं सेव्हिल जिंकून घेतलं. त्यानंतरच्या काळात, म्हणजे 13व्या शतकापासून, इथे गुरुवारचा बाजार भरत आल्याचं मानतात. रस्त्याचं नावच त्यावरून पडलं, कारण 'फेरिया' म्हणजे बाजार, जत्रा.

कागदावरचा भक्कम पुरावा हवा असेल तर 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या सेर्वान्तेसकडे जा. 'रिंकोनेते इ कोर्तादियो' ही त्याची गोष्ट 1613 मध्ये छापली गेली आणि ती सेव्हिलमध्येच घडते. शहरात नवीन आलेल्या दोन उडाणटप्पू पोरांना एक हमाल मुलगा धंद्याची माहिती देतो: सकाळी अमुक चौकात जा, संध्याकाळी नदीवर जा, आणि गुरुवारी फेरियावर. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही वार आणि जागा हीच होती. ती पोरं टोपल्या वाहायच्या निमित्तानं लोकांचे खिसे हलके करत, हेही लक्षात ठेवा. पुढे चोरांचा प्रश्न आहेच.

एक दंतकथा चित्रकार मुरिल्योची. 17व्या शतकातला हा सेव्हिलचा सर्वांत लाडका चित्रकार तरुणपणी जत्रेत विकायची स्वस्त चित्रं रंगवायचा, असं 18व्या शतकातल्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. तेव्हापासून इथला प्रत्येक जुन्या चित्रांचा विक्रेता डोळा मारून सांगतो, "कुणास ठाऊक, हाच असेल!" नसतो.

एप्रिलची प्रसिद्ध फेरिया ती हीच का?

नाही, आणि ही गल्लत बरेच जण करतात. फेरिया दे आब्रिल म्हणजे घोडे, ठिपक्यांचे झालरदार झगे, तंबू आणि रात्रभर नाच. ती 1847 मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली, आणि 1973 पासून नदीपलीकडच्या लोस रेमेदियोस भागात भरते. काये फेरिया तिथून चांगली लांब आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं 'फेरिया' म्हणालात आणि महिना एप्रिल असला, तर तो तुम्हाला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडेल. 'काये फेरिया, मेर्कादो' असं सांगा.

कसं पोहोचायचं?

पायी. कॅथीड्रलपासून वीस-पंचवीस मिनिटं, तीही रमतगमत. वाटेत एन्कार्नासिओन चौकात लाकडाची प्रचंड छत्री दिसेल. 2011 मध्ये उभी राहिलेली ही रचना लोक 'लास सेतास', म्हणजे अळंब्या, म्हणून ओळखतात. तिच्या मागून रेखिना नावाच्या गल्लीनं वर चालत राहिलं की सान हुआन दे ला पाल्मा चर्च येतं, आणि काये फेरिया तिथून सुरू होते. थोडं पुढे गेल्यावर मोन्ते-सिओनचं छोटं चॅपल असलेला चौक लागतो. तिथे पहिल्या चादरी दिसू लागतात.

सेव्हिलची मेट्रो या भागात येत नाही. जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या गोल मार्गाच्या बस माकारेना वेशीपाशी थांबतात. तिथून उलट बाजूनं, म्हणजे रस्त्याच्या वरच्या टोकाकडून, उतरत येता येतं. माद्रिदहून सकाळच्या वेगवान रेल्वेनं अडीच-पावणेतीन तासांत सांता हुस्ता स्टेशनवर उतरून थेट बाजारात येणारेही आहेत. स्टेशनपासून पायी साधारण अर्धा तास. बॅगा मात्र आधी कुठेतरी ठेवा. चाकांची मोठी बॅग घेऊन चादरींच्या मधून जायला लागलात, तर विक्रेते जे बोलतील ते भाषा न येताही कळेल.

किती वाजता जावं?

नऊच्या आसपास बाजार रंगात येतो. दोनच्या सुमाराला आवरतं घेतलं जातं. आता तुम्हाला काय हवंय त्यावर वेळ ठरवा.

चांगली वस्तू हवी असेल तर शक्य तितक्या लवकर. जुन्या सामानाचे दुकानदार आणि हट्टी संग्राहक सामान गाडीतून उतरत असतानाच तिथे हजर असतात, आणि जे खरंच मोलाचं आहे ते बहुतेक वेळा तुम्ही कॉफी संपवायच्या आत हात बदलतं. स्वस्त हवं असेल तर दीडनंतर. परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला माणूस मोठ्या मनाचा होतो. आणि नुसतं बघायचं असेल तर साडेदहा ते बारा. तेव्हा परिसरातली म्हातारी मंडळी खरेदीची पिशवी घेऊन फिरत असतात, निम्मा वेळ वस्तू बघण्यात आणि निम्मा एकमेकांची विचारपूस करण्यात जातो. माझ्या मते बाजाराचा खरा तास तो.

पाऊस असेल तर जाऊ नका. कागद, पुस्तकं, जुनं लाकूड भिजवायला कुणी आणत नाही. चार हट्टी विक्रेते प्लास्टिक पांघरून बसलेले दिसतील इतकंच.

कोणता महिना चांगला?

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत केव्हाही. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचा पारा 40 अंशांच्या वर जातो, निम्मं शहर समुद्रकिनारी पळालेलं असतं, आणि बाजारही मरगळतो. विदर्भातल्या वाचकांना 40 चं काही वाटणार नाही, पण इथे ऊन संध्याकाळी नऊपर्यंत असतं हे ध्यानात घ्या.

एखाद्या गुरुवारी बाजार नसतो का?

सणाच्या गुरुवारांवर भरवसा ठेवू नका. स्पेनमध्ये एक जुनी म्हण आहे: वर्षातले तीन गुरुवार सूर्याहून जास्त तळपतात, ते म्हणजे पवित्र गुरुवार (ईस्टरच्या आधीचा), कॉर्पस क्रिस्ती आणि येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. यातल्या पहिल्या दोन दिवशी सेव्हिलमध्ये सुट्टी असते आणि रस्ते मिरवणुकांच्या ताब्यात असतात. पवित्र गुरुवारी तर मोन्ते-सिओनची मिरवणूक याच रस्त्यावरच्या चॅपलमधून निघते. त्या दिवशी काये फेरियावर जरूर या, पण जुनी किटली शोधायला नव्हे. कॉर्पसची तारीख ईस्टरप्रमाणे बदलते. मे-जूनमध्ये येणार असाल तर आधी दिनदर्शिका बघून घ्या.

काय काय मिळतं?

ऐंशी टक्के भंगार, हे आधीच मान्य करून टाकलं की मजा येते. उरलेल्यात मात्र सेव्हिलचा सगळा घरगुती इतिहास पडलेला असतो.

फरशा, म्हणजे आसुलेखोस, सगळ्यांनाच हव्या असतात. नदीपलीकडचं त्रियाना हे कुंभारांचं गाव. तिथल्या रंगीत फरशा इथल्या प्रत्येक जुन्या घराच्या अंगणात आणि जिन्यावर दिसतात, आणि घर पाडलं की इथे येतात. खऱ्या जुन्या फरशीच्या पाठीला बहुधा चुना-गिलावा चिकटलेला असतो, कडा झिजलेल्या असतात आणि जाडी एकसारखी नसते. पाठ अगदी स्वच्छ आणि पुढचा भाग मात्र 'जुनाट', असं दिसलं तर ती नवी आहे. नवी घ्यायला हरकत नाही, फक्त जुन्याचा भाव देऊ नका.

चिनी मातीची भांडी उलटी करून तळ बघा. 'ला कार्तुखा' किंवा 'पिकमन' असा शिक्का असेल तर ते सेव्हिलच्याच कारखान्याचं. कार्लोस पिकमन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं 1841 मध्ये कार्तुखाच्या रिकाम्या मठात हा कारखाना काढला. मठात भट्ट्या, अशी ती जागा अजूनही पाहता येते. इथल्या प्रत्येक आजीकडे त्यांच्या जेवणाच्या ताटांचा संच असायचा. आजी गेली की संच फुटतो आणि एकेक ताटली बाजारात येते. पूर्ण संचाच्या नादी लागू नका, एखादी ताटली किंवा रस्सा वाढायचं भांडं छान मिळून जातं.

मग सेव्हिलमध्ये भरलेल्या 1992 च्या जागतिक प्रदर्शनाच्या आठवणी. त्या प्रदर्शनाचं बोधचिन्ह होतं कुर्रो नावाचा पांढरा पक्षी, त्याची चोच आणि तुरा इंद्रधनुष्यी. किल्लीच्या साखळ्या, पेले, बाहुल्या, टोप्या, सगळ्यांवर कुर्रो. तीस-पस्तीस वर्षांत तो कचऱ्यातून हौशी लोकांच्या कपाटात कसा गेला ते इथे उभं राहून बघता येतं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहाची पोस्टरं, माकारेनाच्या मातेच्या, म्हणजे मेरीच्या, तसबिरी, जपमाळा, पंखे, लाकडी कॅस्टनेट, सेव्हियानास गाण्यांच्या रेकॉर्ड, बैलझुंजीचे जाहिरात-कागद, दारांच्या कड्या, एकेक किलो वजनाच्या किल्ल्या. रेकॉर्ड घेताना ती पाकिटातून काढून उन्हात तिरकी धरून बघा. कुणी रागावत नाही, उलट तुम्हाला कळतं असं विक्रेत्याला कळतं.

पितळ म्हणून दिलं जाणारं सगळंच पितळ नसतं. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे.

जुनी नाणी घ्यावी का?

पेसेता, म्हणजे स्पेनचं युरोआधीचं चलन, गंमत म्हणून घ्या. युरोच्या नोटा-नाणी 2002 मध्ये आली आणि पेसेता व्यवहारातून गेला. तो बदलून द्यायची बँक ऑफ स्पेनची मुदत 30 जून 2021 ला संपली. त्यामुळे पेसेता आता फक्त आठवण आहे. 1990 च्या दशकातलं भोकाचं 25 पेसेतांचं नाणं मुलांना आवडतं. हुकूमशहा फ्रांकोच्या चेहऱ्याची नाणीही ढिगानं असतात. त्याच्याभोवती 'देवाच्या कृपेनं स्पेनचा नेता' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत, आणि आज ती बहुतेक ठिकाणी मूठभर भावानं जातात.

'रोमन' नाण्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. सेव्हिलशेजारी इतालिका हे मोठं रोमन शहर होतं, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी सांगितली जाते. नाणं खोटं असेल तर पैसे गेले. खरं असेल तर जास्त वाईट: जमिनीतून सापडलेल्या पुरातत्त्वीय वस्तू स्पेनच्या कायद्याप्रमाणे सरकारच्या मालकीच्या असतात. दोन्हीकडून तुमचंच नुकसान.

भाव करायचा का? कसा?

करायचा, पण आपल्याकडच्या जोमानं नाही. विक्रेत्यानं वीस म्हटलं आणि तुम्ही पाच म्हणालात, तर तो हसणार नाही, मान फिरवेल. वीसला पंधरा विचारणं रीतीचं आहे. बहुतेकदा सोळा-सतराला जमतं. 'शेवटचा भाव काय' हे विचारायला दोन शब्द पुरतात: 'लो उल्तिमो?' एकाच माणसाकडून तीन-चार वस्तू उचललीत आणि सगळ्यांचा मिळून आकडा विचारलात तर तो स्वतःच उतरतो.

एक गोष्ट पाळा. भाव तुम्ही बोललात आणि त्यानं मान्य केला, तर वस्तू घ्यायची. 'जरा फिरून येतो' म्हणायचं असेल तर आकडा तोंडातून काढायच्या आधी म्हणा. शिवाय दोन युरोच्या वस्तूवर घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी सहाला उठून गाडी भरून आलेल्या माणसाकडून पन्नास सेंट वाचवून विमानाच्या तिकिटाचा खर्च निघत नाही.

कार्ड चालतं का?

रोख न्या, तीही सुट्टी. पाच-दहाच्या नोटा आणि नाणी. स्थानिक लोक फोनवरून 'बिसुम'नं पैसे पाठवतात, पण त्यासाठी स्पेनमधलं बँक खातं लागतं, आणि आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. पन्नासची नोट सकाळी नऊ वाजता काढलीत तर विक्रेता शेजाऱ्याकडे, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे, अशी वरात निघते.

पावती बहुतेकदा मिळत नाही. म्हणून पर्यटकांना मिळणारा कर-परतावाही विसरा.

स्पॅनिश येत नाही, कसं निभावणार?

बोटं आणि फोनवरचं कॅल्क्युलेटर यांवर अर्धं काम होतं. उरलेल्यासाठी एवढं पुरे:

'कुआंतो बाले?' म्हणजे कितीला?
'मे लो देखा एन दिएस?' म्हणजे दहाला देता का? (आदरार्थी आहे, वयस्कर माणसाशी हेच बोला.)
'सोलो एस्तोय मिरांदो' म्हणजे नुसतं बघतोय किंवा बघतेय.
'पुएदो आसेर उना फोतो?' म्हणजे फोटो काढू का?

उत्तर मात्र पाठ्यपुस्तकातल्या स्पॅनिशमध्ये येणार नाही. आंदालुसियात, म्हणजे सेव्हिल ज्या प्रांतात आहे तिथे, शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, त्यामुळे 'ग्रासियास'चं 'ग्रासिया' होतं आणि 'दोस'चं 'दो'. घाबरू नका, पुन्हा विचारा. अनोळखी विक्रेतीनं तुम्हाला 'मि आर्मा' अशी हाक मारली तर ते 'माझ्या जिवा' इतकंच आहे. ती टपालवाल्यालाही तेच म्हणते.

चोर-पाकीटमारांची भीती आहे का?

युरोपातल्या कुठल्याही गर्दीत असते तितकीच. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, मागच्या खिशात फोन ठेवू नका, खाली वाकून चादरीवरचं बघताना आपली पिशवी बाजूला ठेवू नका. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण या बाजारात सगळा वेळ वाकूनच जातो. पासपोर्ट हॉटेलात ठेवा, त्याची प्रत जवळ असू द्या.

फोटो काढले तर चालतात का?

वस्तूंचे चालतात, माणसांचे विचारून. दुकान मांडणारे बरेच जण परिसरातले आहेत, काहींचा परवाना आहे, काहींचा नाही, आणि कॅमेरा दिसला की दुसऱ्या गटाचा चेहरा लगेच बदलतो. काहीतरी विकत घेऊन मग विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत. लोकांच्या चादरीभोवती रील करायला नाचू नका. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

बाजारात खायला काय? आम्ही शाकाहारी आहोत.

चादरींच्या रांगेत खाण्याचे गाडे नसतात, पण रस्ताभर बार आहेत, आणि स्पेनमध्ये बार म्हणजे सकाळच्या कॉफीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं. कुटुंबासह, मुलांसह बिनधास्त बसा.

सकाळी कालेंतितोस खा. बाकी स्पेन ज्याला चुरोस म्हणतो त्याला सेव्हिलचे जुने लोक हे नाव देतात. पीठ, पाणी, मीठ, तेलात तळलेलं, बस. सोबत दाट गरम चॉकलेट. नाहीतर तोस्तादा: भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्ह तेल आणि किसलेला टोमॅटो. 'सिन हामोन' सांगायला विसरू नका, नाहीतर वर डुकराचं मांस सवयीनंच येतं.

दुपारी एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मागा. पालक आणि काबुली चणे, लसूण, जिरं आणि तिखट-गोड लाल पूड घातलेली ही सेव्हिलची खास भाजी आहे. जिऱ्यामुळे पहिला घास ओळखीचा लागतो, आणि परदेशात आठवडाभर सँडविच खाल्लेल्या माणसाला हे काय सुख आहे ते वेगळं सांगायला नको. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटो-पावाचं थंड दाट सार, छानच असतं, पण वर उकडलेलं अंडं आणि हामोनचे तुकडे भुरभुरतात. आधी सांगितलं तर घालत नाहीत.

'मी शाकाहारी आहे' एवढं पुरत नाही. ट्यूना मासा सॅलडमध्ये बिनदिक्कत घालतात. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतुन, सिन पेस्कादो' अशी पूर्ण यादी म्हणून दाखवा.

मांसाहाऱ्यांनी मे-जूनमध्ये आलात तर बारच्या दारावर 'आय काराकोलेस' अशी पाटी शोधावी. छोट्या गोगलगायींचा मसालेदार रस्सा. धाडस लागतं, पण रस्सा अप्रतिम असतो.

मंडई बघण्यासारखी आहे का?

हो, आणि ती चुकवू नका. ऑम्नियुम सांक्तोरुम चर्चच्या भिंतीला लागून मेर्कादो दे ला फेरिया उभी आहे, 18व्या शतकापासून. मासे, भाज्या, मसाले, ऑलिव्ह, आणि मधल्या मधल्या गाळ्यांत उभ्यानं खायची सोय. मासळी सकाळी बघा, दुपारी गाळे बंद होतात.

चर्चही आत जाऊन बघा, उघडं असेल तर. विटांचा मनोरा मुस्लिम कारागिरीच्या वळणाचा, दरवाजे गॉथिक, ही मुदेखार शैली. 1936 मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला ते जाळलं गेलं, नंतर पुन्हा उभं केलं. याच चर्चशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. 1521 मध्ये पाव परवडेनासा झाला तेव्हा फेरियाच्या लोकांनी इथे ठेवलेलं हिरवं निशाण बाहेर काढून बंड केलं. बंड काही दिवसांतच मोडलं गेलं. 1652 मध्ये पुन्हा पावाच्याच भावावरून याच मोहल्ल्यात उठाव झाला. आज इथला माणूस कांद्याच्या भावावर तावातावानं बोलताना ऐकला, की त्यामागे पाच शतकांचा सराव आहे असं समजा.

चर्चमागे आल्गाबाच्या मार्केसांचा, म्हणजे सरदार घराण्याचा, वाडा आहे. तो आता मुदेखार कलेचं छोटं केंद्र आहे. अंगण थंड, गर्दी नाही.

स्वच्छतागृह?

रस्त्यावर नाही. बारमध्ये कॉफी घ्या आणि तिथलं वापरा. कॉफी न घेता आत घुसू नका.

वृद्ध आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर आहेत, जमेल का?

रस्ता सपाट आहे, चढण नाही, ही जमेची बाजू. पदपथ अरुंद, त्यावर चादरी, त्यात गर्दी, ही अडचण. आई-वडिलांना मधल्या एखाद्या बारच्या खुर्चीवर बसवा आणि तुम्ही फेऱ्या मारा. बाबांना जुन्या हत्यारांची चादर दाखवलीत तर मात्र ते उठायचे नाहीत, आधीच सांगून ठेवतो. बाबागाडी सकाळी नऊच्या आत ठीक, नंतर त्रास. मुलं कंटाळली तर जवळच्या कोर्रेदुरिया रस्त्यानं दोन-तीन मिनिटांत अलामेदा दे एर्कुलेस हा मोठा मोकळा चौक येतो. 1574 मध्ये आखलेला, दोन उंच रोमन खांबांवर हर्क्युलीस आणि जुलियस सीझर. तिथे पळायला जागा आहे.

घेतलेलं भारतात नेता येतं का?

बहुतेक नेता येतं, पण चार गोष्टी आधी वाचा.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू स्पेनबाहेर न्यायला परवानगी लागते, 1985 च्या वारसा कायद्याप्रमाणे. म्हणून विक्रेता '200 वर्षं जुनं' म्हणून भाव चढवतो तेव्हा हसून विचारा, 'मग परवाना कुठे?' भाव लगेच तरुण होतो.

केसात खोवायची मोठी कंगवावजा पेइनेता फार सुंदर असते. जुन्या पेइनेता कधी कधी खऱ्या कासवाच्या पाठीच्या असतात, त्यांना 'कारेय' म्हणतात. ते आणि हस्तिदंत, दोन्ही सोडा. आंतरराष्ट्रीय करारानं त्यांचा व्यापार बंद आहे आणि विमानतळावर सापडलं तर प्रकरण वस्तूच्या किमतीपुरतं राहत नाही. प्लास्टिकची पेइनेता तितकीच छान दिसते.

घडीचे चाकू हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत. फरशा आणि ताटल्या कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा. चार फरशांनीच बॅगेचं वजन कसं वाढतं ते हॉटेलातच तपासा.

जुना टेबल-दिवा किंवा रेडिओ घेतलात तर व्होल्टेजची चिंता नाही, स्पेनमध्येही भारतासारखं 230 च्या आसपासच असतं. वायर मात्र जुनी, कुजलेली असू शकते. घरी नेल्यावर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतल्याशिवाय लावू नका.

मान्तोन, ती भरतकामाची शाल, इथे घ्यावी का?

मान्तोन दे मानिला म्हणजे लांब झालरीची रेशमी शाल. मूळची चिनी, मनिलाच्या व्यापारी जहाजांतून स्पेनला आली आणि सेव्हिलच्या बायकांनी ती इतकी आपलीशी केली की आता कुणाला चीन आठवत नाही. बाजारात स्वस्तात दिसते ती बहुधा यंत्राची आणि पॉलिएस्टरची. उलटी करून बघा: हाताचं भरतकाम दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच सुबक असतं, यंत्राच्या कामाची पाठ लगेच कळते. झालर हातानं गाठी मारलेली आहे का तेही बघा. खरी जुनी शाल शेकडो युरोंना जाते. शंका वाटली तर सोडा आणि सुती पंखा घ्या.

बाजार मरत चाललाय असं ऐकलं, खरं का?

परिसरातले जुने लोक तसं म्हणतात. पूर्वी चादरी दूरवर पसरायच्या, आता टप्पा आखडलाय. वरच्या घरांत पर्यटकांसाठी भाड्याचे फ्लॅट झालेत, बारमध्ये ब्रंचच्या पाट्या लागल्यात, आणि ज्यांच्या माळ्यांवर जुनं सामान साठायचं ती माणसंच मोहल्ल्यातून हलली आहेत. फोनवरच्या जुन्या-वस्तू-विक्रीच्या ॲपनीही धंदा खाल्लाय. तरी दर गुरुवारी कुणी ना कुणी चादर अंथरतंच. तुम्ही पाहुणे म्हणून करण्यासारखं एकच आहे: नुसता फेरफटका मारून परत जाऊ नका, एखादी किल्ली, एखादी ताटली, दोन युरोचं का होईना, विकत घ्या.

आम्ही गुरुवारी सेव्हिलमध्ये नाही. मग?

रविवारी असाल तर दोन छोटे बाजार आहेत. कॅथीड्रलजवळच्या प्लासा देल काबिल्दोच्या अर्धगोल चौकात सकाळी टपाल-तिकिटं आणि नाण्यांचे संग्राहक बसतात. ललितकला संग्रहालयासमोरच्या चौकात चित्रकार आपली चित्रं मांडतात, आणि आत संग्रहालयात खरा मुरिल्यो आहे. संग्रहालय सोमवारी बंद असतं.